वंशावळीत फक्त पुरुषांची नावे ठेवली तर चालेल का?

आजोबांच्या पश्चात कागल तालुक्यातील घरातून कागदांची दोन गाठोडी आणि सात पिढ्यांची एक वंशावळ मिळाली, असे तुम्ही लिहिले आहे. कागद कसे लावावेत, वंशवृक्ष संगणकावर कशात करावा आणि घरातील बायकांची नावे कुणालाच आठवत नसल्यामुळे ती सोडून दिली तर चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तुम्हाला आणखी कुणीही देऊ शकेल. मी लिहायला बसलो तो तिसऱ्या प्रश्नामुळे, आणि त्याचे माझे उत्तर ‘नाही, चालणार नाही’ असे आहे. स्त्रियांची नावे गाळलेली वंशावळ ही जमिनीच्या वारसांची यादी असते. आपण कोण, कुठून आलो आणि कुणामुळे टिकलो, हे त्या यादीतून कळत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण आमच्या घरात याच मुद्द्यावर बरीच वर्षे वाद चालला आहे. माझ्या थोरल्या चुलतबंधूंनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, कुलदैवताच्या कार्यक्रमासाठी घराण्याची वंशावळ छापून घेतली. शिवाजी पेठेतील घराच्या सोप्यात ती काचेच्या चौकटीत लावलेली आहे. तिच्यात वडिलांखाली मुलगा आणि मुलाखाली नातू, अशी सरळ रेघ उतरत जाते. माझे पणजोबा आणि त्यांचे वडील यांच्यामध्येही तशीच एक रेघ आहे. ती रेघ चुकीची आहे, हे मला जुन्या कागदांवरून कळले.

सुरुवात एका वारसनोंदीपासून झाली. भोगावतीकाठच्या आमच्या गावच्या जमिनीची जुनी नोंद पाहताना पणजोबांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’ असे लिहून एका बाईचे नाव दिलेले आढळले. अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचे नाव लागले, म्हणजे वडील वारले तेव्हा मुलगा लहान होता, एवढे उघड होते. मात्र ते नाव आमच्यापैकी कुणीही कधी ऐकलेले नव्हते. ज्या बाईने मुलगा सज्ञान होईपर्यंत शेती सांभाळली, सारा भरला आणि भाऊबंदांपुढे घर उभे ठेवले, तिचे नाव तीन पिढ्यांत पुसले गेले, याचे मला फार वाईट वाटले. पुढचा सगळा शोध मी तिच्यासाठी घेतला.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, जिला गावाकडे कोतवाल बुक म्हणतात, तिच्या नवऱ्याचा मृत्यू 1918 च्या पावसाळ्यानंतर नोंदलेला मिळाला. कारण म्हणून ‘ताप’ एवढाच शब्द आहे. त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने गावेच्या गावे आजारी पडली होती, आणि त्याच पानावर तोच शब्द एकाखाली एक पुन्हा पुन्हा आलेला दिसतो. मात्र याच नवरा-बायकोच्या मुलाचा जन्म त्या गावच्या नोंदींत कुठेच नव्हता. अशी उणीव दिसली की बहुतेक जण ‘नोंद राहून गेली असेल’ असे म्हणून पुढे जातात. दादांनीही तेच म्हटले.

उत्तर आमच्याच घरात, माळ्यावरच्या लाल रुमालात बांधलेले होते. कागद मोडीत होते आणि घरात मोडी कुणालाच येत नव्हती, म्हणून वंशावळ छापताना तो रुमाल कुणी सोडलाच नव्हता. मी मोडी शिकलो. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचे अक्षर असेल तर बायकांची नावे हमखास चुकीची वाचली जातात, कारण पुरुषांच्या नावाला ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) पुढच्या वडिलांच्या नावाचा आधार मिळतो, तसा बाईच्या नावाला माहेराकडून मिळत नाही. ‘कोम’ (अमक्याची बायको) या शब्दापुढे फक्त नवऱ्याचे नाव येते. तरीही त्या रुमालातील एक कागद निःसंशय वाचता आला. ते दत्तकपत्र होते. लिहून देणारी तीच बाई होती, खाली तिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी होती, आणि साक्षीदारांत तिच्या दोन्ही दिरांची नावे होती. तिने दत्तक घेतलेला मुलगा तिच्या माहेरच्या गावचा होता.

मग मी त्या गावच्या शाळेत गेलो. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यामुळे त्या काळापासून खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांचीही नावे शाळेच्या जनरल रजिस्टरात येऊ लागली. ज्यांच्या घरात पूर्वी कुणी शाळेत गेले नव्हते, अशा कुटुंबांसाठी हे रजिस्टर फार मोठा आधार आहे. तिथे पणजोबांचे नाव जन्मदात्या वडिलांच्या नावासह नोंदलेले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात दत्तक गेल्यामुळे शाळा सोडल्याचे लिहिले होते. वारसनोंद, मृत्यूनोंद, दत्तकपत्र आणि शाळेचे रजिस्टर हे चारही कागद वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले आहेत आणि एकमेकांशी जुळतात. माझ्या मते कौटुंबिक इतिहासात याहून भक्कम पुरावा मागण्याचे कारण नाही.

दादांनी हे सगळे कागद पाहिले, ते खरे आहेत हे मान्य केले, आणि तरीही वंशावळ बदलायला नकार दिला. दत्तक असे लिहिले तर लोक नावे ठेवतील, मूळ घराण्याचे रक्त नाही असे म्हणतील, आणि भाऊबंदकीत जमिनीचा जुना विषय निघेल, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हे अजिबात पटत नाही. आपण कोल्हापुरात राहतो. इथली गादी ताराबाईंनी उभी केली. दुसऱ्या संभाजी महाराजांच्या मागे त्यांच्या राणी जिजाबाईंनी 1762 मध्ये दत्तक घेतला म्हणून ती पुढे चालली. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी आनंदीबाईंना दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. ज्या राजाच्या नावाने आपण आजही अभिमानाने बोलतो, त्याचे गादीशी नाते एका विधवा राणीने घेतलेल्या दत्तकाने जोडलेले आहे, आणि ते लपवावे असे या शहरात कधी कुणाला वाटले नाही. मग एका शेतकरी विधवेने भावकीच्या साक्षीने उघडपणे केलेली गोष्ट तिच्याच खापरपणतवंडांनी का लपवावी? शिवाय ज्या दिरांच्या वंशजांकडून वाद निघेल अशी भीती आहे, त्यांच्याच पूर्वजांच्या सह्या त्या कागदावर आहेत.

आता तुमच्याकडे येतो. नावे कुणाला आठवत नाहीत, याचा अर्थ ती कुठे लिहिलेली नाहीत असा होत नाही. वारसनोंदी, दत्तकपत्रे, पोटगीचे कागद आणि बहिणींनी करून दिलेली हक्कसोडपत्रे आधी वाचा. ज्या मुलींना वंशावळीत जागा मिळत नाही, त्यांची नावे हक्क सोडून घेताना मात्र पूर्ण पत्त्यासह लिहिलेली असतात. घरात श्राद्ध होत असेल तर आई, आजी आणि पणजीची नावे उच्चारली जातात. घरच्या उपाध्यायांना विचारा. पूर्वज नाशिकला गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत त्यांच्या हातची नोंद मिळू शकते. तुमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या सांगत फिरणारे लोक, येत असतील तर त्यांच्या चोपडीतील पिढ्या अवश्य लिहून घ्या, फक्त त्या मुख्यतः पुरुषांच्या असतात हे ध्यानात ठेवा. लग्नातील आहेराच्या याद्या आणि नाव घातलेली पितळी भांडी टाकू नका. मला एका पणजीचे माहेर तिच्या घागरीवरच्या अक्षरांवरून कळले. लग्नात नाव बदलले गेले असेल, तर एकच बाई दोन कागदांत दोन व्यक्तींसारखी भासते, म्हणून माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे शोधा.

गाव कागल तालुक्यातले असल्याने ते कागल जहागिरीत होते की थेट संस्थानच्या मुलखात, हे आधी ठरवा. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यापूर्वीचे कागद कुठे शोधायचे हे गाव जहागिरीत होते की संस्थानात, यावर अवलंबून असते. कोल्हापूरच्या पुरालेखागारात चौकशी करताना गाव, पेटा (तालुक्यासारखा जुना महसुली विभाग) आणि काळ सांगता आला पाहिजे. कागदांवर जुन्या कालगणनांपैकी फसली सन असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात 590 आणि सुहूर सन असेल तर 599 मिळवा; जानेवारी ते मृग नक्षत्रापर्यंतच्या तारखांना आणखी एक मिळवावा लागतो.

गाठोडी सोडताना कागदांचा क्रम मोडू नका. कोणता कागद कोणत्या रुमालात, कशाच्या शेजारी होता, हाच पुष्कळदा पुरावा असतो. आमचे दत्तकपत्र साऱ्याच्या पावत्यांमध्ये होते, म्हणून त्याचा काळ ओळखता आला. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने बारीक क्रमांक घाला, फ्लॅश न वापरता फोटो काढा, लॅमिनेशन आणि चिकटपट्टी पूर्णपणे टाळा, आणि मूळ कागद तळमजल्यावर ठेवू नका. 2019 आणि 2021 चे पूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. संगणकासाठी ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर मला पुरेसे वाटते, कारण त्यात एका व्यक्तीला अनेक नावे लावता येतात आणि मुलाचे नाते जन्माचे की दत्तकाचे हे वेगळे नोंदवता येते. इतर ॲप मी फारशी वापरलेली नाहीत.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. जुन्या नोंदींतील वये अंदाजे असतात, आणि वारसनोंद महसुलासाठी केलेली असते. जमिनीच्या हक्काचा वाद असेल तर वकिलाचा सल्ला घ्या, माझ्या उत्तरावर विसंबू नका. आणि हयात व्यक्तींची नावे, जन्मतारखा संमतीशिवाय इंटरनेटवर टाकू नका. मीही याच कारणासाठी इथे घरातील कुणाचे नाव लिहिलेले नाही.

तुमच्या घराण्यातील सर्वांत वयस्क आत्या हयात असतील तर गाठोडी सोडण्यापूर्वी त्यांना भेटा. भाऊ किती होते हे त्यांना विचारू नका, ते तुमच्याकडे आहेच. त्यांच्या आईचे माहेर कोणते, लग्नाआधीचे नाव काय, आजीला घरात काय म्हणत, कोणती बहीण कोणत्या गावी दिली, कोण लहानपणी गेली, कुणाची मुले कुणाकडे वाढली, हे विचारा, आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा.