एकच जोरदार औषध का देत नाहीत?

खानापूरच्या सदस्यांनी विचारले आहे की, त्यांच्या मामांना बी-पेशींचा लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) झाला असून बेळगावात दर 21 दिवसांनी पाच औषधांचा केमो चालू आहे. त्याऐवजी एकच जोरदार औषध का देत नाहीत, आणि जोडीला आणखी काही घेतले तर गुण लवकर येईल का? मी बेळगावात बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसता जोर वाढवणे हा या जोडणीचा हेतू नाही. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण 100 कोटी पेशी असतात. औषधाला दाद न देणारी पेशी दहा लाखांत एक असते, असे हिशेबापुरते धरले, तरी त्या गाठीत अशा हजार पेशी आधीच असतात आणि औषध कितीही जहाल असले तरी पुढे त्याच वाढतात. दुसरे औषध अगदी वेगळ्या रीतीने मारणारे असेल, तर दोन्हींना पुरून उरणारी पेशी लाख कोटींत एखादी, म्हणजे या गाठीत बहुधा नाहीच. क्षयरोगात हे आधी कळले होते: एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागली. पुढे 1960 च्या दशकात एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक या अमेरिकी डॉक्टरांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात चार औषधे एकत्र वापरली.

मामांची औषधे बहुधा रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन ही असावीत. व्हिंक्रिस्टिन नसांना त्रास देते, डॉक्सोरुबिसिन हृदयाला, सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला, तर प्रेडनिसोलोन साखर वाढवते. अपाय असे वाटले गेल्यामुळेच प्रत्येकाची मात्रा पुरेशी ठेवता येते. अस्थिमज्जेवरचा, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजावरचा, मार मात्र सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन या दोघांचाही असतो. दोन केमोंमधले अंतर मुख्यतः ती सावरावी यासाठी आहे.

ही औषधे एकमेकांचा जोर वाढवतात, असा पुष्कळांचा समज असतो. पामर, सॉर्गर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याच पाच औषधांचा लिम्फोमाच्या पेशींवर अभ्यास केला, तेव्हा तसा परस्परपूरक परिणाम फारसा आढळला नाही. एकाला चकवणारी पेशी दुसऱ्याला सहसा चकवू शकत नाही, हे मात्र स्पष्ट झाले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण औषधे निवडताना नेमके काय पाहावे हे त्यातून कळते.

म्हणूनच बाहेरून काही जोडणे धोक्याचे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गजकर्ण झाले की मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास आणल्या जातात. व्हिंक्रिस्टिनचा निचरा करणारे यकृतातले एन्झाइम हे औषध अडवते; मग व्हिंक्रिस्टिन शरीरात साचून हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठता होते आणि कधी आतड्यांची हालचालच थांबते. काढे आणि चूर्णे यांचा यकृतावर काय परिणाम होईल, हे तर बाटलीवरून कळतही नाही. मामा असे काही घेत असतील, तर पुढच्या केमोची वाट न पाहता आजच डॉक्टरांना सांगा आणि औषधाचे पाकीट सोबत न्या.