मथळ्याचा देखणा फॉन्ट मजकुरात फिका का पडतो?

बोदोनीच्या वळणाचा, म्हणजे उभ्या रेषा जाड आणि बाकीच्या केसासारख्या बारीक असलेला फॉन्ट मथळ्याला शोभला, म्हणून तुम्ही आतला १० पॉइंटचा मजकूरही त्यातच लावला. आता छापून आलेली अक्षरं तुटक, फिकी दिसतात आणि फॉन्ट बोल्ड करावा का, असा तुमचा प्रश्न आहे. बोल्ड करू नका. त्याने मुख्यतः उभ्या जाड रेषा आणखी जाड होतात, बारीक रेषा जवळजवळ तशाच राहतात. दुखणं उलट वाढतं.

हिशेब करून पाहा. समजा, बारीक रेषेची जाडी अक्षराच्या मापाच्या शंभराव्या भागाइतकी आहे. ६० पॉइंटला ती ०.६ पॉइंट भरते, सुरेख दिसते. १० पॉइंटला उरते ०.१ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिमीटर. एवढी रेषा कागदावर धड उमटत नाही. पडद्यावर १६ पिक्सेलला तीच ०.१६ पिक्सेल होते आणि नुसती राखाडी छटा दिसते.

मग जुन्या छापखान्यांत हे कसं जमायचं? मला या अक्षरांचा लळा लागला तो इथेच. फर्मां दिदो या अक्षर कोरणाऱ्याने १७८४ च्या सुमारास पॅरिसमध्ये आणि मुद्रक बोदोनीने इटलीतल्या पार्मात हे वळण टोकाला नेलं. रुंद टोकाच्या बोरूत जाडी ठरते ती टोकाच्या कोनावरून. इथे नमुना होता लवचीक अणकुचीदार निबाचा, दाब दिला की रेषा फुगते, सोडला की केसासारखी होते. इंग्रज मुद्रक बास्करव्हिलने त्याआधीच कागद गुळगुळीत करून नाजूक रेषेची वाट मोकळी केली होती. पण खरी मेख पुढे आहे. धातूच्या खिळ्यांत प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरावा लागे. लहान मापात कोरणारा बारीक रेषा मुद्दाम जाड ठेवी, अक्षर थोडं रुंद करी, दोन अक्षरांत जास्त जागा सोडी. संगणकावर आपण एकच आराखडा ताणतो नि आवळतो, तिथे ही सगळी मेहनत हरवते.

म्हणून मापानुसार वेगवेगळे आराखडे असलेलं फॉन्टचं कुटुंब निवडा. १९९४ च्या आयटीसी बोदोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटचे स्वतंत्र आराखडे आहेत. मोफत हवं असेल तर बोदोनी मोडा हा व्हेरिएबल फॉन्ट घ्या, त्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष आहे, म्हणजे मापानुसार अक्षराचा आराखडा बदलता येतो. प्लेफेअर डिस्प्ले फार गोड आहे, पण नावातच डिस्प्ले आहे, म्हणजे तो मोठ्या मापासाठी आहे. मजकुराला लावू नका.

हे जमत नसेल तर मथळा आहे तसा ठेवा आणि मजकुराला कमी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे जाड-बारीक रेषांत फरक कमी असलेला, शांत सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेषा असलेला) फॉन्ट द्या. मथळ्यातली अक्षरं मात्र जवळ आणा, मोठ्या मापात मोकळी जागा विसविशीत दिसते. काळ्या पट्टीवर पांढरा मथळा असेल तर शाई पसरून बारीक रेषा बुजतात, तेव्हा माप वाढवा. आणि ती पट्टी चार रंगांच्या मिश्रणात छापू नका: एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी सेरिफ दुहेरी दिसतात. पट्टी एकाच शाईत, निव्वळ काळ्यात घ्या.