पहिल्या जाहीर व्याख्यानापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

संस्थेच्या सार्वजनिक व्याख्यानात इनामगावच्या प्राचीन वस्तीवर बोलण्याचे तू मान्य केलेस, हे वाचून फार समाधान वाटले. सर्वसामान्य श्रोत्यांसाठी विषय किती सोपा करावा, असे तू विचारले आहेस. भाषा हवी तेवढी सोपी कर, पुरावा मात्र सोपा करू नकोस. एखादी गोष्ट आपल्याला कशावरून कळली आणि कुठवर कळली, हे श्रोत्यांपुढे मांडणे हाच व्याख्यानाचा गाभा आहे, आणि वेळ कमी पडतो म्हणून वक्ते नेमके तेवढेच गाळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

तुझ्याच विषयाचे पाहा. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या दरम्यान तेथे नांदलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तीची शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. घरातल्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले आणि घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसे हे चित्र पडद्यावर येताच सभागृहातून ‘का?’ असा प्रश्न येणार, हे धरून चाल. तेथे घाई करू नकोस. पाय तोडलेले आहेत, हे निरीक्षण आहे. मृताने भूत होऊन घर सोडून जाऊ नये म्हणून ते तोडले असावेत, हा अभ्यासकांनी मांडलेला तर्क आहे. चार पायांच्या मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीत पुरलेल्या एका प्रौढाचे पाय शाबूत होते, त्यावरून तो गावचा प्रमुख असावा, असेही अनुमान काढले गेले; तेही अनुमान म्हणूनच सांग. निरीक्षण आणि अनुमान या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्यास श्रोत्यांचा रस कमी होईल, अशी भीती बाळगू नकोस, कारण आपल्याला विचारात सहभागी करून घेतले जात आहे हे लोकांना लगेच जाणवते आणि मग ते अधिक लक्ष देऊन ऐकतात.

वस्तीच्या उतरत्या काळाबद्दल बोलताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती आटत गेली, आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालनाकडे वळले, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली. तेथल्या मुलांच्या सांगाड्यांचा पुढील संशोधकांनी नव्या पद्धतींनी पुन्हा अभ्यास केला आणि त्या काळच्या जगण्याबद्दल नवे प्रश्न उभे केले. जुने मत आणि त्यानंतरचे काम दोन्ही आदराने मांड. एक चूक आणि दुसरे बरोबर असा निवाडा एका संध्याकाळी देण्याची गरज नाही.

यासोबत दायमाबादचा दाखला अवश्य दे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या त्या गावी झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझ शिल्पे मिळाली, ज्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. ती थरांच्या क्रमाने उत्खनन होताना सापडली नाहीत, त्यामुळे त्यांच्या काळाविषयी मतभेद राहिले. जमिनीतून वस्तू बाहेर काढण्याआधी ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती याची नोंद का हवी, हे यातून कोणालाही पटेल. आपल्या शेतात काही सापडले तर काय करावे, असेही कुणी तरी विचारेलच. वस्तू जागेवरून हलवू नये आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, तसे कळवणे गुप्तधनाविषयीच्या १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, एवढे स्पष्ट उत्तर तयार ठेव.

श्रेय देताना हात आखडू नकोस. १९३९ मध्ये येरवड्याच्या आवारात संशोधन संस्था म्हणून डेक्कन कॉलेज नव्याने सुरू झाले आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तेथे रुजू झाले, तेव्हापासून हळूहळू खापरांबरोबरच माती, धान्य, प्राण्यांची हाडे आणि मानवी सांगाडे वाचणारी माणसे एकाच ठिकाणी काम करू लागली. इनामगावच्या लोकांनी काय पेरले आणि कोणती जनावरे पाळली, हे त्यांच्यामुळे कळले. प्रत्येक माहितीपाठी कोणाचे काम आहे, हे वाक्यातच सांगत जा. शेवटच्या चित्रावर नावांची यादी दाखवून भागत नाही.

पुण्याचा श्रोता जाणता आहे. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून या शहराला ऐकण्याची आणि उठून विचारण्याची सवय आहे, तेव्हा प्रश्नोत्तरांना किमान वीस मिनिटे राखून ठेव आणि व्याख्यान त्या मानाने छोटे कर. एखादा आजोबा आपल्या गावच्या टेकाडावर मिळालेल्या खापराबद्दल बोलू लागला तर त्याला थांबवू नकोस. गावाचे नाव, नदी, टेकाडाची जागा वहीत लिहून घे, कारण सर्वेक्षणाला निघणाऱ्याला अशी माहिती फार उपयोगी पडते. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नाही, तेथे तसे सांग आणि कोणता पुरावा मिळाला तर ते कळू शकेल, हेही सांग.

आता कामाचे. उत्खननाचा मूळ अहवाल ग्रंथालयात बसून वाच, त्यावर बेतलेले लेख नंतर. घोड नदीकाठी एकदा जाऊन ये आणि तेच व्याख्यान इनामगावच्या शाळेतही देता येईल का, ते ग्रामपंचायतीला विचार; या मातीबद्दल ऐकण्याचा पहिला हक्क त्या गावाचा आहे. चित्रे निवडण्याआधी संपूर्ण मजकूर मराठीत लिहून काढ आणि मला पाठव. जेथे ‘असावे’ हवे तेथे ‘आहे’ पडले असेल, तेथे मी पेन्सिलने खूण करीन.

तुझा,
शिक्षक