पुणे विद्यापीठ की शिवाजी विद्यापीठ? एम.एस्सी. फिजिक्सला दोन्हीकडे नंबर लागलाय, काय घेऊ?

घर पलूसजवळ, दोन्ही याद्यांत नाव, वडील म्हणतात कोल्हापूर जवळ पडतं आणि बाकी सगळे म्हणतात मुलगी हुशार आहे, पुण्यालाच पाठवा, असं तू लिहिलंयस. या ‘बाकी सगळ्यां’ना मी चांगली ओळखते, म्हणून लिहायला बसले.

माझंही नाव दोन्हीकडे होतं. आम्ही आटपाडीकडचे. थोरले काका कोथरूडला राहतात, आणि यादी लागायच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं की मी त्यांच्याकडे राहून विद्यापीठात जाणार. काकूंनी खोलीसुद्धा आवरून ठेवली होती. मी कोल्हापूर घेतलं. काकांनी तो अपमान गिळला, पण पचवला नाही. तेव्हापासून लग्न असो की बारसं, पंगतीत शेजारी जो बसेल त्याला ऐकवतात, “हिचा पुण्याला नंबर लागला होता हो, पण पोरीची जात, आमच्या धाकट्याला काही लांब पाठवायचा धीर झाला नाही.” बाबा गप्प बसतात, थोरला भाऊ म्हणून. मी बसत नाही, पण पंगतीत माझं ऐकतो कोण?

तर झालं असं. कोल्हापूरला आम्ही नुसतं बघायला गेलो होतो. विभागात पीएच.डी. करणारी एक ताई भेटली, म्हणाली, लॅब बघायचीय का? आत शिरल्याबरोबर अमोनियाचा वास नाकात गेला. गरम पाण्यात एक बीकर ठेवलेला, त्यात काचपट्ट्या उभ्या केलेल्या, आणि नितळ द्रावण बघता बघता पिवळं होत चाललेलं. थोड्या वेळाने तिने चिमट्याने एक पट्टी बाहेर काढली, पाण्याखाली धरली, वाळवली. काचेवर हळदीसारखा पिवळा, पण आरपार दिसणारा थर. मग तिने त्यावर चिकटपट्टी लावली आणि खस्सकन ओढली. मी दचकलेच. म्हणाली, थर टेपला चिकटून आला तर दिवसाचं काम पाण्यात. आला नाही. ते कॅडमियम सल्फाइड होतं. सोलर सेलमध्ये ते उजेड आत सोडणाऱ्या खिडकीच्या थराचं काम करतं. बी.एस्सी.ला सोलर सेल म्हणजे परीक्षेत काढायची आकृती होती. इथे तो बीकरमध्ये तयार होत होता. बाबांनी परतीच्या एसटीत विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, हेच. ते म्हणाले, बरं. कोल्हापूर असं ठरलं, आणि त्यात कुणाचा धीर सुटला नव्हता.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की एम.एस्सी. विद्यापीठाच्या पाटीवर होत नसते, विभागात होते. थिन फिल्म, म्हणजे पदार्थाचे पातळ थर, हे कोल्हापूरच्या फिजिक्सचं बलस्थान आहे. केमिकल बाथ (ती वरची बीकरची पद्धत) किंवा स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या काचेवर द्रावण फवारायची) या पद्धतींना महागडी व्हॅक्यूम यंत्रणा लागत नाही. बीकर, हॉटप्लेट, स्टरर आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू होतं. ते इथे एवढं रुजलं ते त्यामुळेच, असं माझं मत. पुढे मी पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला, दक्षिण कोरियात गेले. आमच्याकडची बरीच पोरं तिथल्या लॅबांत काम करून आलेली, त्यामुळे कोल्हापूर म्हटल्यावर पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. काकांच्या सोसायटीत मात्र मी अजूनही ‘कोल्हापूरलाच राहिली बिचारी’ आहे.

‘पुण्याचं नाव मोठं’ हे ऐकवणाऱ्यांसाठी थोडं. पुणे विद्यापीठ १९४९ चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याआधी कोल्हापूरची कॉलेजं पुण्याखालीच होती, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तीच उतरंड आहे. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची, म्हणजे विद्यापीठं तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, ए प्लस प्लस ही सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. पुणे विद्यापीठ एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये, विद्यापीठांच्या यादीत, २०२४ मध्ये २३वं होतं, २०२५ मध्ये ५६वं. आता, माझा या रँकिंगवर काडीचा विश्वास नाही, ती निम्मी कागदं भरायची परीक्षा आहे. पण गेल्या दिवाळीपर्यंत काकाच मला रँकिंगची कात्रणं पाठवायचे. यंदा पाठवलं नाही.

तुझ्या वडिलांचं ‘जवळ पडतं’ हे कारणही मला मान्य नाही बरं का. पलूसहून रोज ये-जा करून एम.एस्सी. फिजिक्स होत नाही. प्रॅक्टिकलं संध्याकाळपर्यंत चालतात, आणि खरं शिक्षण तर ती संपल्यावर लॅबमध्ये रेंगाळताना होतं. कोल्हापूर घेतलंस तरी होस्टेललाच राहा. कॅम्पस ८५३ एकरांचा आहे, मोर फिरतात, अभ्यासाला त्रास कसला तो नाही. पुण्यात होस्टेल मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर कॉट बेसिसवर (खोलीतली नुसती एक खाट भाड्याने घेऊन) राहायचं, मेस लावायची, नाहीतर मैत्रिणीच्या नावावरच्या होस्टेलच्या खोलीत चोरून राहून ‘पॅरासाइट’ व्हायचं. हा शब्द तिथे गेलीस की पहिल्याच आठवड्यात कळेल. खर्चाचा हिशोब वडिलांना कागदावर मांडून दाखव. कमवा आणि शिका योजना दोन्हीकडे आहे, लाजू नकोस.

प्रवेश पक्का करण्याआधी दोन्ही विभागांत स्वतः जा आणि विचार: कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, माहितीपत्रकातली कोणती स्पेशलायझेशन्स यंदा खरोखर चालणार आहेत, आणि प्रोजेक्ट कुणाच्या लॅबमध्ये करायला मिळतो. ऑफिसात विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. राज्यातल्या सगळ्याच विद्यापीठांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे काल चांगला असलेला विभाग आज तसाच असेल असं नाही. हे कोल्हापूरलाही लागू आहे, आणि मी तिथून बाहेर पडले त्याला बरीच वर्षं झाली.

आणि एक, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. खगोलशास्त्र करायचं असेल तर माझं सगळं उत्तर विसर आणि पुणेच घे. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि रेडिओ खगोलशास्त्राचं एनसीआरए दोन्ही विद्यापीठाच्या आवारातच आहेत. पाषाणकडे एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. व्याख्यानं ऐकायला नुसतं चालत किंवा सायकलवर जाता येतं, हे कोल्हापुरात मिळणार नाही. थिअरीकडे ओढा असेल तरीही माझा कल पुण्याकडेच. नेट-सेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना, मात्र पदवी कुठली यावरून काही फरक पडत नाही. सेट तर पुणे विद्यापीठच घेतं, पण पेपर सगळ्यांना सारखाच.

पुण्यात कुणी काका-मामा असतील आणि ‘आमच्याकडे राहील की’ म्हणाले असतील, तर नाही म्हणायचं काम तू कर, वडिलांना करायला लावू नकोस. त्यांना ते जन्मभर ऐकावं लागतं.

स्पेशलायझेशन कोणतं घ्यायचंय ते तू लिहिलंच नाहीस. मटेरियल्स असेल तर खाली कळव, कोल्हापुरात कोणत्या लॅबमध्ये आधी डोकवायचं ते सांगते.