चौघांनी ठरवलं, दोघे गेले, काहीच जळालं नाही. घरी बसलेल्यावर गुन्हा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिचोली तालुक्यातलं गाव, भाऊबंदकीचा जुना वाद. चौघांनी वॉट्सअ‍ॅपवर ठरवलं की चुलत्याच्या काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे माल-अवजारं ठेवायची खोपी, पेटवायचा. पेट्रोल तुम्ही आणून दिलंत. ऐन वेळी तुमचा धीर झाला नाही, तुम्ही घरीच राहिलात. दोघे गेले, दारावर पेट्रोल ओतलं, पण काड्या सादळलेल्या होत्या, कुत्री भुंकायला लागली आणि ते पळाले. काही जळालं नाही, मी तर तिथं नव्हतोच, मग गुन्हा कसला, असं तुम्ही विचारता.

मी म्हापशाला फौजदारी वकिली करतो. गुन्हा होतो, आणि तुमचा गुन्हा ते दोघे जाण्याच्या आधीच झालेला असू शकतो. हे ऐकून अशील नेहमी माझ्याकडे असं बघतात की मीच फिर्यादी आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो, हे लग्न आणि वारसा यांच्यापुरतं खरं. 1886 च्या पोर्तुगीज दंडसंहितेचा काळ गोवा मुक्तीनंतर संपला. आपल्याकडेही इतर राज्यांसारखाच भारतीय दंड संहितेचा अंमल होता आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचा आहे. तुमची घटना त्या तारखेनंतरची धरून कलमं सांगतो.

कटाचं कलम 61. दोघांनी किंवा जास्त जणांनी गुन्हा करायचं ठरवलं की कट पुरा झाला. पुढे कोणी काडी ओढो न ओढो. करायचं ठरलेलं काम नुसतं बेकायदा असेल, गुन्हा नसेल, तर ठरल्याप्रमाणे निदान एक पाऊल तरी पडावं लागतं. ठरलेला गुन्हाच असेल तर तेवढ्याचीही गरज नाही. आणि मांगर जाळणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. त्यात काजू, नारळ, अवजारं ठेवली जात असतील तर ती माल साठवायची वास्तू झाली. ती आग लावून नष्ट करण्याला कलम 326 मध्ये जन्मठेपेपर्यंत किंवा 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. गुन्ह्यासाठी मदत करणं ही अपप्रेरणा, कलम 45. चिथावणी देणं, कटात सामील होणं आणि मदत पुरवणं, हे तिचे तीन प्रकार, आणि तुमच्या हकिगतीत शेवटचे दोन दिसतात. मांगर खरंच जळाला असता तर काडी ओढणाऱ्याला जी शिक्षा, तीच तुम्हाला, घरी चटईवर झोपलेले असलात तरी. जळाला नाही म्हणून तुम्ही कलम 55 मध्ये येता: जन्मठेपेच्या गुन्ह्याला साथ दिली पण तो घडला नाही, तर 7 वर्षांपर्यंत. कटाची शिक्षाही अशा गंभीर गुन्ह्यात अपप्रेरणेच्याच मापाने मोजतात. म्हणजे ‘मी तिथं नव्हतो’ हा बचाव तुम्हाला वाटतो तितका उपयोगाचा नाही.

आता गेलेल्या दोघांचं. तयारी आणि प्रयत्न यांतली रेघ कुठे, यावर कोर्टात तासन्‌तास वाद चालतात, आणि मला हा भाग खरोखर आवडतो. पंजाबातून दिल्लीकडे भात नेणारा एक ट्रक 1966 साली समालखा नाक्यावर अडवला. राज्याबाहेर भात न्यायचा परवाना नव्हता. पण दिल्लीची हद्द तिथून अजून 14 मैल होती. सर्वोच्च न्यायालयाने चालकाला सोडलं: एवढ्या अंतरात त्याचं मन बदलू शकलं असतं, ट्रक मागे वळू शकला असता, म्हणून ही तयारीच. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या अलीकडे पेडण्यात गाडी थांबवली तर काय, असं आपल्याकडचं कोणीही लगेच विचारेल. दारूच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नका, नुसत्या वाहतुकीसाठीही अबकारी कायद्याचे वेगळे नियम आहेत.

उलट बाजूला 1980 चा निकाल. वसईजवळ खाडीकाठी रात्री गाडीतून तस्करीच्या चांदीच्या लगडी उतरवत असताना माणसं पकडली गेली. त्याच वेळी खाडीतून यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज आला. चांदी समुद्रात गेलीच नव्हती, म्हणून सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने सोडून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने तो प्रयत्नच ठरवला.

पेट्रोलचा कॅन घेऊन बागेच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, जाणं ही कदाचित तयारी. दारावर ओतून काडी ओढणं हा प्रयत्न, याबद्दल मला फारशी शंका नाही. काडी सादळलेली निघाली, हा त्यांचा बचाव होत नाही. कलम 62 मध्येच उदाहरण आहे: चोराने खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी तो चोरीचा प्रयत्न. शिक्षा मूळ शिक्षेच्या निम्म्यापर्यंत. जन्मठेपेचं निम्मं काढताना ती 20 वर्षांची धरतात, म्हणजे 10 वर्षं.

तयारी एरवी गुन्हा नसते, पण अपवाद आहेत. दरोड्याच्या तयारीलाच 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातही काही मोठ्या गुन्ह्यांच्या तयारीला स्वतंत्र कलम आहे. किनाऱ्याकडच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

एका बाबतीत तुमच्या बाजूने बोलायला जागा आहे. टॅव्हर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसून ‘त्याचा मांगर जाळून टाकायला पायजे’ म्हणणं वेगळं आणि ‘शनिवारी रात्री, पेट्रोल तू आण, गाडी माझी’ म्हणणं वेगळं. पहिलं राग आहे, दुसरं करार. तुमचा अंगठ्याचा इमोजी कोणत्या मेसेजखाली आहे ते नीट बघा. माझं मत विचाराल तर पोलीस कटाचं कलम आमटीत मीठ घालावं तसं घालतात, आणि चौघांची नावं आली की ते येणारच. पण मीठ असलं तरी पुरावा लागतो. तुमच्या प्रकरणात दुर्दैवाने करारासोबत पेट्रोलही आहे.

ऐन वेळी मागे राहिलात, त्याचा फायदा शिक्षेच्या आणि जामिनाच्या वेळी मागता येतो, झालेला कट मात्र त्याने पुसला जात नाही. बाकीच्यांना वेळेवर अडवलं असतंत, ‘मी यात नाही’ असं लिहिलं असतंत, तर हातात काही तरी असतं. गप्प राहणं कोर्टाला दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

एक दिलासा कायद्याच्या उदाहरणातूनच देतो. घर जाळायला सांगितलं आणि जाळणाऱ्याने वर चोरीही केली, तर सांगणाऱ्यावर जाळण्याची जबाबदारी येते, चोरीची नाही, कारण चोरी ही आगीतून संभवणारी गोष्ट नव्हे. आत राखणदार झोपलेला असून तो होरपळला असता तर मात्र हे उदाहरण तुमच्या कामी आलं नसतं.

आता काय करायचं. चॅट डिलीट करू नका. पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा आहे, आणि ग्रुप चौघांच्या फोनमध्ये आहे. चुलत्याकडे ‘मिटवायला’ जाऊ नका, ते धमकावणं ठरू शकतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण त्यातून कॅन सापडला तर तेवढा भाग चालतो, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय ठाण्यात गप्पा मारायला जाऊ नका. अटकपूर्व जामीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 482 खाली मागता येतो. माफीचा साक्षीदार होण्याचीही वाट आहे, पण माफी देतं ते न्यायालय, ठाणेदार नव्हे. फी परवडत नसेल तर 15100 या कायदेसेवा हेल्पलाइनवर फोन करा. पात्र असाल तर वकील मोफत मिळतो.

वकिलापुढे बसाल तेव्हा सगळ्यात आधी हे सांगा: काड्या सादळल्या होत्या हे तुम्हाला कोणी सांगितलं, कधी, आणि त्यावर तुम्ही काय उत्तर दिलंत.