हिशेब दोघांचा, प्रश्न मागे उरणाऱ्याचा

“मॅडम, पैसे पुरतील ना? आणि आता राहायचं कुठे?” साठीच्या आसपासची जोडपी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा हे दोन प्रश्न घेऊनच. कोथरूड, सिंहगड रोड, औंध, चिंचवड. पत्ता बदलतो, प्रश्न तेच. कुणाचं मुलाजवळ हिंजवडीला जायचं की नाही हे ठरत नाही, कुणाला गावाकडचं घर खुणावतं, कुणी ज्येष्ठांच्या संकुलांची माहितीपत्रकं घेऊन येतात. यातले बरेच जण आर्थिक सल्लागाराकडे जाऊन आलेले असतात. आकडे हातात असतात, तरी झोप लागत नाही.

अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वसंतराव पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) पेन्शन जेमतेम. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि आजवरची बचत मिळून पाऊण कोटी. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, इमारत जुनी, लिफ्ट नाही. मुलगी बंगळुरूला. वसंतरावांचा बेत पक्का होता: फ्लॅट विकायचा, वाईला छोटं घर घ्यायचं, उरलेले पैसे गुंतवायचे. मीराताई त्यावर काहीच बोलत नसत. “ही धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही,” ही त्यांची तक्रार.

त्यांनी सोबत वही आणली होती. दोघांच्या नव्वदीपर्यंतचा हिशेब, आणि तो चोख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख झाली. दोघांच्या नावे ३०-३० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी ४१ हजार येतात, हे त्यांनी मांडलं होतं. हा आकडा तिथेच थांबतो, महागाई थांबत नाही. ती ६ टक्के धरली तर आजचा ४५ हजारांचा खर्च १२ वर्षांत ९० हजार होतो, हेही मांडलं होतं. म्हणूनच घर विकून गंगाजळी वाढवायची.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक. उद्याची पक्की हमी मागणाऱ्या मनाला कितीही आकडे दिले तरी ते शांत होत नाही, हे मी रोज पाहते. सुरुवातीच्या भेटी त्यावरच गेल्या. वसंतराव ऐकत, पटतं म्हणत, आणि पुढच्या वेळी वहीत नवा रकाना आखून आणत. एकदा ती वही चाळताना माझ्या लक्षात आलं, की शेवटच्या पानापर्यंत दोघंही सोबत होती. दोघांचा किराणा, दोघांची औषधं, दोघांची सहल.

मी म्हटलं, “वसंतराव, एक पान नव्याने लिहा. तुम्ही ७५व्या वर्षी गेलात. आता पुढचं मांडा.”

ते चिडलेच. “असलं अभद्र कशाला बोलायचं?”

“कारण तुम्ही दोघं एकाच दिवशी जाणार नाही आहात.”

खोलीत कुणी काही बोलेना. मग मीराताईंनी वही स्वतःकडे ओढली. “मला वाई आवडत नाही असं नाही हो. तुम्ही असाल तर मी वाईला काय, कुठेही राहीन. पण तुम्ही नसताना मी तिथून कुठे जायचं? इथलं घर तर विकलेलं असेल. मला गाडी येत नाही. इथे आनंदनगरला मेट्रोत बसले की डेक्कनला जाते, डॉक्टर खालच्या चौकात, शेजारच्या सुनीतेकडे किल्ली असते. तिथे रात्री दोनला मी कुणाचं दार वाजवू?”

“मग आजवर बोलली का नाहीस?”

“तुमच्या मरणाचा विषय मी कसा काढू?”

ही एवढी अडचण होती, आणि त्यापायी दोन वर्षं घरात अबोला. अशा वेळी घाईने तोडगा सुचवायचा नाही, हे आता माझ्या अंगवळणी पडलं आहे. मी थांबले. बऱ्याच वेळाने वसंतराव बोलू लागले ते त्यांच्या आईबद्दल. वडील गेल्यावर चार भावांनी गावचं घर विकलं, पैसे वाटून घेतले आणि आईच्या तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या लावल्या. एक पिशवी घेऊन ती या घरातून त्या घरात जायची. “हिला कुणापुढे हात पसरायला लागू नये, म्हणून तर मी एवढे आकडे मांडतोय!”

मी विचारलं, “आईकडे काय उरलं नव्हतं? पैसे, की घर?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बायकोकडे बघितलं. “घर,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “म्हणजे मी हिचंही तेच करायला निघालो होतो.”

माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते. दोघांनाही एकाच गोष्टीची काळजी होती, मागे राहणारीची. त्यांनी ती पैशात मोजली, तिने दारांत. तुलना करायला दोन्ही बाजू एकदाही एकत्र मांडल्या गेल्या नव्हत्या.

त्यानंतर वाई की कोथरूड हा वाद राहिला नाही. विचारायचं एवढंच, की हे घर एकटीला, सत्तरीपुढे, चालेल का? या कसोटीवर कोथरूडचा फ्लॅटही नापास झाला, कारण तीन जिने. शेवटी त्यांनी तो विकून त्याच भागात लिफ्टच्या इमारतीत लहान फ्लॅट घेतला आणि वाईला वर्षभरासाठी घर भाड्याने घेतलं. जिथे कायमचं जायचं म्हणता, तिथे आधी एक पावसाळा भाड्याने राहून बघा, हे मी सगळ्यांनाच आग्रहाने सांगते.

गुंतवणूक कुठे करावी हे मी सांगत नाही. ते फी घेणाऱ्या, सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारावं. पण काही गोष्टी माझ्या खुर्चीतूनच जास्त स्पष्ट दिसतात. आपल्याकडे बहुधा नवरा वयाने मोठा असतो आणि बँकेचे व्यवहारही त्याच्याच हातात असतात. तेव्हा पासवर्ड, लॉकर, विम्याचे कागद हे सगळं बायकोने आजच हाताळायला शिकावं, तो शेजारी बसलेला असताना. अॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून मिळणारी पेन्शन, घेत असाल तर जोडीदाराला आयुष्यभर मिळत राहील असाच पर्याय घ्या. हाती येणारा हप्ता कमी असला तरी चालेल. नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला असं नाही, मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं. ज्येष्ठांच्या संकुलात घर बघताना बाग आणि जेवणाची चौकशी सगळेच करतात. त्यासोबत, अंथरुणाला खिळल्यावर इथे ठेवतात का आणि एकजण गेल्यावर दुसऱ्याचा हक्क काय राहतो, हे लेखी मागा.

आणि घर हयातीत मुलांच्या नावावर करू नका. मुलं वाईट असतात म्हणून नव्हे. घर हातात असलं की आईवडील जास्त मोकळे बोलतात आणि मुलांनाही नकोसं ओझं वाटत नाही. करायचंच असेल तर आपल्या सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ त्या अटीच्या आधारे दाद मागू देतं.

जोडीदार नसलेल्यांना किंवा एकट्याने राहणाऱ्यांना ही कसोटी आधीच लागू झालेली असते. त्यांना मी घराआधी माणसांबद्दल विचारते. तुमच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? दवाखान्यात भरती करताना सही कोण करेल? मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून तुमच्याहून वयाने लहान कुणी नेमलंय का? मुखत्यारपत्र माणूस गेल्याक्षणी संपतं, त्यामुळे ते मृत्युपत्राच्या जागी चालत नाही. या तीन नावांचा शोध लागेपर्यंत आम्ही पैशांची वही उघडतच नाही.