एआयकडून प्रोफाइल फोटो: चेहरा सोडून बाकी सगळे

आपला प्रश्न मला समजला तो असा: नोकरीच्या अर्जांसाठी आणि लिंक्डइनसाठी नीटनेटका फोटो हवा होता, स्टुडिओत जाणे जमत नव्हते, म्हणून आपण पंधरा सेल्फी एका एआय सेवेला दिल्या. शंभर फोटो मिळाले, दिसायला ते उत्तमही आहेत, पण घरच्यांनी पाहताच ‘हा तूच का?’ असे विचारले. चूक सेल्फींची, सेवेची की प्रॉम्प्टची (म्हणजे एआयला लिहून दिलेल्या सूचनेची), आणि असा फोटो वापरणे मुळात योग्य आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. चूक बहुतांशी सेल्फींची आणि पद्धतीची आहे. एआयचा हात लागलेला फोटो वापरायला माझी हरकत नाही, मात्र त्या साधनाला कपडे, पार्श्वभूमी आणि प्रकाश एवढेच काम द्यावे. चेहरा नव्याने घडवायला देऊ नये.

आपण वापरलेली पद्धत म्हणजे अनेक फोटो देऊन मॉडेलला, म्हणजे चित्र रचणाऱ्या एआय प्रणालीला, एक विशिष्ट चेहरा शिकवणे. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ या नावाने ती मांडली, तेव्हा एखादी वस्तू किंवा प्राणी शिकवायला तीन ते पाच फोटो पुरतात असे दाखवले होते. माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत आपली नजर फार चोखंदळ असते, त्यामुळे सेवा दहा-वीस फोटो मागतात. अडचण अशी, की मॉडेलने आपल्याआधी असंख्य चेहरे पाहिलेले असतात आणि आपले पंधरा फोटो म्हणजे त्या साठ्याला दिलेला एक हलकासा ओढा असतो. जिथे आपले फोटो काही सांगत नाहीत, उदाहरणार्थ कानामागची केसांची रेघ किंवा हसताना दिसणारे दात, तिथे मॉडेल इतरांच्या चेहऱ्यांवरून जागा भरून काढते. असे भरलेले तपशील सुबक असतात, म्हणूनच फोटो देखणा होतो आणि परका वाटतो.

त्यात सेल्फी हा कच्चा माल म्हणून फारच वाईट. हाताच्या अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान दूर असतात, त्यामुळे चेहऱ्याची प्रमाणेच बदलतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हा परिणाम मोजला: पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसते. मॉडेलला हे ठाऊक नसते. ते तेच नाक आपले म्हणून शिकते आणि मग दुरून टिपल्यासारख्या दिसणाऱ्या स्टुडिओ फोटोत बसवते.

दुसरी गोष्ट मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. माझ्या डाव्या भुवईत लहानपणीच्या जखमेचा एक बारीक व्रण आहे, तिथे केस उगवत नाहीत. मी दिलेल्या फोटोंपैकी काही पुढच्या कॅमेऱ्याने आरशासारखे उलटे साठवले होते, तर काही मागच्या कॅमेऱ्याने घेतलेले, म्हणजे सुलटे होते. आलेल्या चाळीस फोटोंत तो व्रण कधी डावीकडे, कधी उजवीकडे, काहींत दोन्हीकडे आणि बहुसंख्य फोटोंत गायब होता. भांगाचेही तेच झाले. आपल्या फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये सेल्फी उलटी साठवण्याचा पर्याय चालू आहे का, हे तपासा. जे स्वतःच्या संगणकावर मॉडेल शिकवतात, त्यांनी प्रशिक्षणाच्या साधनातला फोटो आडवा उलटवण्याचा पर्यायही बंद ठेवावा, कारण वस्तूंसाठी तो उपयोगी असला तरी कोणताही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो.

म्हणून मी आता पहिली पद्धत सोडून दुसरीच सुचवतो: एक चांगला, खरा फोटो काढावा आणि सूचना देऊन त्यात बदल करवून घ्यावेत. फोटो दुसऱ्या कोणाकडून किंवा टायमर लावून, फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवून, निदान दीड मीटर अंतरावरून, मागच्या कॅमेऱ्याने घ्यावा. फोनमध्ये दुप्पट झूमची वेगळी भिंग असेल तर ती वापरावी. खिडकीसमोर थोडे तिरके बसावे, खोलीतले दिवे बंद ठेवावेत, म्हणजे दोन रंगांचा प्रकाश चेहऱ्यावर एकत्र येणार नाही. छातीपासून वरचाच भाग चौकटीत घ्यावा. यामागे तांत्रिक कारणही आहे: स्टेबल डिफ्यूजन या चित्रे रचणाऱ्या एआयची सुरुवातीची मॉडेल ५१२ × ५१२ पिक्सेलचे चित्र आतल्या आत ६४ × ६४ घरांच्या जाळीवर रचत असत, त्यामुळे चेहरा लहान असला की एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन घरे येत आणि बुबुळे वेडीवाकडी होत. नवी मॉडेल पुष्कळ सुधारली आहेत, पण चेहऱ्याला चौकटीत जितकी जागा जास्त तितका तो शाबूत राहतो, हे अजूनही खरे आहे.

आता सूचनेविषयी. ‘प्रोफेशनल’ हा शब्दच शक्यतो टाळावा. मॉडेलच्या लेखी त्याचा अर्थ कोट, टाय, तुकतुकीत त्वचा आणि एका विशिष्ट तऱ्हेचा चेहरा असा होऊन बसलेला असतो. २०२३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने आपला फोटो देऊन त्याचे प्रोफेशनल रूप मागितले, तेव्हा साधनाने तिला गोरी त्वचा आणि निळे डोळे बहाल केले. ते प्रकरण बरेच गाजले. विशेषणांऐवजी दिसणाऱ्या गोष्टी लिहाव्यात, म्हणजे ‘फिकट राखाडी साधी पार्श्वभूमी, गडद निळा शर्ट, डावीकडून मऊ प्रकाश’. त्याला जोडून काय बदलायचे नाही, तेही स्पष्ट लिहावे: ‘चेहऱ्याची ठेवण, त्वचेचा रंग, तीळ, सुरकुत्या, चष्मा, केसांची रेघ आणि डोळ्यांची दिशा मूळ फोटोप्रमाणेच ठेवावी.’ एका वेळी एकच बदल मागावा. आणि फसलेल्या फोटोवर पुन्हा सूचना देत बसण्याऐवजी दर वेळी मूळ फोटोकडे परत जावे, कारण प्रत्येक फेरीत चेहरा जरासा सरकतो आणि पाचव्या फेरीला तो कुणा चुलतभावाचा झालेला असतो. ज्या ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भागच निवडून बदलता येतो, तिथे फक्त शर्ट आणि पार्श्वभूमी निवडली की चेहऱ्याच्या पिक्सेलना सहसा धक्का लागत नाही. मला तरी हीच सोय सर्वांत भरवशाची वाटते.

तपासणी दोन आकारांत करावी. आधी मूळ फोटो शेजारी ठेवून मोठा करून पाहावा: दोन्ही डोळ्यांतली प्रकाशाची टिकली एकाच बाजूला आहे का, चष्म्याची काडी कानापर्यंत पोहोचते का, कॉलरची दोन्ही टोके जुळतात का, कानातले जोडीचे आहेत का, केसांच्या कडा पार्श्वभूमीत विरघळल्या आहेत का. मग नखाएवढ्या वर्तुळात पाहावा, कारण बहुतेक लोक तो तसाच पाहणार आहेत. लिंक्डइनला निदान ४०० × ४०० पिक्सेलचा फोटो चालतो, त्यामुळे प्रचंड रिझोल्यूशनच्या मागे लागून चेहरा ‘सुधारणाऱ्या’ फिल्टरमधून काढण्याची गरज नसते.

निवड मात्र आपण करू नये. आपल्याला आपला चेहरा आरशातल्या उलट्या रूपात पाहायची सवय असते, इतरांना सुलट्या रूपाची. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा उलटा फोटो अधिक आवडला होता आणि त्यांच्या मित्रांना सुलटा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रोफाइल फोटो कोणी निवडावा हेच तपासले, तेव्हा लोकांनी स्वतः निवडलेल्या फोटोंपेक्षा अनोळखी व्यक्तींनी निवडून दिलेल्या फोटोंचा पाहणाऱ्यांवर अधिक चांगला प्रभाव पडला. माझा शिरस्ता असा: शेवटचे तीन फोटो आपल्याला रोज भेटणाऱ्या एका सहकाऱ्याला दाखवावेत आणि ‘कोणता चांगला?’ असे न विचारता ‘कोणता माझ्यासारखा?’ असे विचारावे. आपल्या घरच्यांनी, न विचारताच, हे काम आधीच केलेले आहे.

योग्यायोग्यतेचा प्रश्न मी याच कसोटीवर सोडवतो. मुलाखतीच्या दालनात शिरलेली व्यक्ती आणि फोटोतली व्यक्ती एकच आहे हे समोरच्याला क्षणात कळले, तर शर्ट एआयने दिला की शिंप्याने, याने काही बिघडत नाही. लिंक्डइनचीही अपेक्षा तीच आहे की फोटोत आपले खरे रूप दिसावे. अंगावर नसलेला गणवेश किंवा न मिळवलेल्या पदाचा पांढरा कोट मात्र चढवू नये. ती सजावट राहत नाही, तो दावा होतो. पासपोर्ट, व्हिसा, परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा कोणतेही ओळखपत्र यांसाठी असा फोटो अजिबात वापरू नये, कारण तिथे चेहरा जुळवून पाहिला जातो आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

आपल्याकडच्या शंभर फोटोंचे काय करायचे, हेही आपण विचारले आहे. घरच्यांनी शंका न घेतलेला एखादा सापडला तर ठेवा, पण मला तशी आशा कमी आहे. त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे त्या सेवेकडे राहिलेल्या आपल्या पंधरा सेल्फी. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, म्हणून त्यांच्या अटींमध्ये फोटो किती दिवस ठेवतात आणि ते इतर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरतात का, हे वाचा. सेल्फींमध्ये मागे दुसरे कोणी किंवा गळ्यातले कार्यालयीन ओळखपत्र दिसत असेल, तर तेही त्यांच्याकडे गेलेले आहे. फोटो हटवण्याची विनंती करताना मूळ सेल्फी, तयार झालेले फोटो आणि त्यांवरून शिकवलेले मॉडेल, या तिन्हींचा वेगवेगळा उल्लेख करा, कारण नुसते ‘माझे फोटो हटवा’ असे लिहिले तर मॉडेल तसेच राहण्याची शक्यता असते.